दुखणे उलटण्याचे भय आणि आपले कर्तव्य

लहान मूल मोठ्या दुखण्यातून उठले, की घरची माणसे वैद्यासमोर बसून एकच प्रश्न विचारतात : ‘हे दुखणे पुन्हा उलटणार तर नाही ना?’ मेंदूच्या आवरणाचा दाह, ज्यास सर्वसामान्य जन मेंदूज्वर म्हणतात, त्यातून वाचलेल्या बालकाच्या घरी तर हा प्रश्न महिनोन् महिने मुक्काम ठोकून असतो. या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो आणि उत्तराबरोबर हाती काय ठेवतो, याविषयी दोन शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते. त्यात आमच्या स्वतःच्या चुकीची कबुलीही आहे, म्हणूनच कदाचित लेखणी इतके दिवस अडली असावी.

येवल्यासारख्या गावी या व्याधीची तीव्र अवस्था आपल्या हाती नसते व नसावीही. असे बालक सुमारे ८० किलोमीटरवरील नाशिकला नेले जाते, तेथे शिरेतून प्रतिजैविके दिली जातात आणि जीव वाचतो. परंतु रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर ते कुटुंब परत आपल्याच गल्लीत येते. मोठे डॉक्टर दूर राहतात, फेरतपासणीची तारीख महिन्याने असते आणि मधल्या काळातील प्रत्येक शिंक, प्रत्येक कणकण घेऊन माणसे जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतात. म्हणजे उपचाराचा पूर्वार्ध नाशिकला होत असला, तरी उत्तरार्ध आपल्या दारात घडतो.

काही वर्षांपूर्वी असेच एक पैठणी विणणारे कुटुंब आमच्याकडे आले. मुलगा अडीच वर्षांचा. ताप, उलट्या, नंतर ग्लानी व झटके अशा क्रमाने त्याचे दुखणे वाढले होते. नाशिकच्या एका रुग्णालयात पाठीतून पाणी काढण्याची वेळ आली तेव्हा ‘पाठीतले पाणी काढले की पोर पांगळे होते’ म्हणून आजीने विरोध केला. वडिलांनी मन घट्ट करून सही केली. त्या तपासणीमुळेच जंतुजन्य दाहाचे निदान झाले. सुमारे दोन आठवडे इंजेक्शने झाली व मूल वाचले. झटके आले होते म्हणून घरी पाठवताना फेनिटॉइन हे आक्षेपरोधक औषध सुरू ठेवले होते.

आमच्याकडे ती मंडळी आली तेव्हा मूल आईच्या मांडीवर खेळत होते. आजारी दिसत होती ती आईच. रात्रीतून चार वेळा ती तापमापक लावून पाहत होती. थोरल्या भावाला साधे पडसे झाले म्हणून त्यास मामाकडे धाडले होते. वडिलांचे चित्त मागावर ठरत नव्हते. आजीने विचारले, ‘वैद्यबुवा, हे दुखणं परत उलटायचं नाही ना?’ आम्ही सवयीने म्हणालो, ‘काही होणार नाही, काळजी करू नका.’ आणि त्या आश्वासनास काहीतरी आधार हवा म्हणून शंखपुष्पीप्रधान मेध्य कल्पाची एक बाटली दिली. मुलाला दुसरे कोणते औषध चालू आहे, हे आम्ही विचारले नाही. रुग्णालयाचा सुटीचा कागद आईच्या पिशवीत होता. तो आम्ही मागितला नाही.

तीन आठवड्यांनी पहाटे मुलाला पुन्हा झटका आला. दुखणे उलटले, अशी घरच्यांची खात्रीच झाली. भाड्याची गाडी करून ते पुन्हा नाशिकला गेले. पाठीतील पाणी स्वच्छ निघाले. दाह परतला नव्हता. मात्र रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण अपेक्षेपेक्षा फार खाली आले होते. आईने एकही मात्रा चुकवली नव्हती. तेथील डॉक्टरांनी ‘आणखी काय चालू आहे?’ असे विचारले, तेव्हा आमची बाटली पुढे आली. ती थांबवण्यात आली आणि पुढे झटके आले नाहीत. एका मुलाच्या अनुभवावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आम्ही विचारायला हवे होते आणि विचारले नाही, एवढे मात्र निर्विवाद आहे.

त्याहून लाजेची गोष्ट अशी, की ही माहिती नवी नव्हती. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली याच विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन अपस्मारी रुग्णांचे झटके अकस्मात अनावर झाले. चौकशीअंती दोघेही शंखपुष्पी नावाचा, सहा वनस्पतींचा तयार आयुर्वेदीय कल्प घेत असल्याचे आढळले. पुढे उंदरांवरील प्रयोगात, हा कल्प काही दिवस बरोबर दिल्यास फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटते व त्याची आक्षेपरोधक क्रियाही कमी होते, असे दिसून आले. त्या सहांपैकी कोणत्या द्रव्याचा हा परिणाम, हा प्रश्न वेगळा. उलट पिप्पली-मरिचातील पायपेरिनामुळे फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, असेही अभ्यास आहेत. म्हणजे एका बाटलीने औषध कमी पडावे आणि दुसऱ्या चूर्णाने ते अधिक व्हावे, असा हा प्रकार आहे. ‘आयुर्वेदीय औषधाने अपाय होत नाही’ हे वाक्य आपण गिऱ्हाइकाला जितक्या सहजतेने ऐकवतो, तितके ते सहज नाही. ज्या द्रव्यात गुण करण्याचे सामर्थ्य आहे, त्यात अनुचित योगाने अवगुण करण्याचेही सामर्थ्य असणारच. संयोगाचा विचार आपल्याच शास्त्राने शिकवला आहे. तो केवळ दूध आणि माशापुरता ठेवून चालणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मेंदूच्या आवरणाचा जंतुजन्य दाह खरोखर उलटतो काय? प्रतिजैविकांचा पूर्ण क्रम झाला असेल, तर तो पुन्हा होणे क्वचितच घडते. घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगणे, हाच भयाचा पहिला उपचार होय. मात्र ‘क्वचित’ म्हणजे ‘कधीच नाही’ असे नव्हे, आणि ज्या बालकांत तो पुन्हा होतो, त्यांच्यात बहुधा काही कारण दडलेले असते. डोक्याला मार लागून कवटीच्या तळाशी फट राहिलेली असते व नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ स्राव येत राहतो. कान दीर्घकाळ वाहत असतो. आंतरकर्णाच्या रचनेत जन्मतः दोष असतो. पाठीच्या कण्यावर बारीक छिद्र किंवा केसांचा पुंजका असून त्याखालून आतपर्यंत वाट असते. प्लीहा नसते अथवा निकामी असते, किंवा रोगप्रतिकारक्षमतेत जन्मजात उणीव असते. यांपैकी अर्ध्या गोष्टी आपल्या तपासणीच्या खोलीतही दिसू शकतात. मूल उताणे पाहिले तसे पालथेही पाहावे, कान पाहावेत, पडल्याचा इतिहास विचारावा. काही संशय आला तर सविस्तर चिठ्ठी देऊन पाठवावे.

क्षयजन्य दाहाची गोष्ट निराळी. तेथे औषधे साधारणतः नऊ ते बारा महिने घ्यावी लागतात आणि अर्धवट सोडलेली औषधे हेच पुन्हा उद्भवण्याचे मोठे कारण ठरते. दोन-तीन महिन्यांत मूल हसू-खेळू लागते, वजन वाढते आणि ‘एवढी उष्ण औषधे आता कशाला?’ असा विचार घरात सुरू होतो. अशा वेळी आपल्यातील कोणी ‘यकृतावर ताण येतो, आता आपले औषध घ्या’ असे म्हटले, तर त्या बालकाचे दुखणे उलटवण्यास आपणच कारण झालो असे समजावे. कावीळ, सतत उलट्या अशी यकृतबाधेची चिन्हे दिसली, तर त्याच दिवशी क्षयरोग केंद्राकडे पाठवावे. औषध थांबवणे वा बदलणे तेथे ठरेल. शिवाय लहान मुलास क्षय होतो तो बहुधा जवळच्या मोठ्या माणसाकडून. घरात कोणी बराच काळ खोकत आहे काय, हे विचारून त्याची थुंकी तपासण्यास लावणे हे कोणत्याही रसायनापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

पुनरावर्तक ज्वराची कल्पना आपल्याला नवीन नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ज्वराध्यायात, ज्वर गेल्यावर बल येण्यापूर्वीच अपथ्य व श्रम केल्यास तो परततो, असे विवेचन आहे. तेथील ज्वर आणि आजच्या परिभाषेतील हा जंतुजन्य दाह एकच, असा दावा आम्ही करीत नाही. तसे ओढून-ताणून जुळवणे शास्त्राच्या हिताचे नाही. परंतु विचाराची पद्धत घेण्यासारखी आहे. ज्वर परतला तर का परतला, असे आचार्य विचारतात. आपण मात्र पुष्कळदा कारण न विचारता ‘परत येऊ नये म्हणून’ बाटली देतो. बल येईपर्यंत लघु व पोषक आहार, पुरेशी झोप, गर्दीपासून जपणूक, घरच्यांना धीर, एवढे पथ्य सांगणे हे आपले खास क्षेत्र आहे आणि त्यासाठी बाटलीची गरज नसते.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. कुटुंब ज्याला भिते ते क्वचित घडते, आणि जे बऱ्यापैकी घडते त्याला कोणी भीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जंतुजन्य दाह झालेल्या सहा जणांत एक दगावतो आणि पाचांत एकास गंभीर स्वरूपाचे वैगुण्य मागे राहते. त्या वैगुण्यांत श्रवणशक्ती जाणे हे एक प्रमुख आहे. दाह आंतरकर्णापर्यंत पोहोचतो आणि काही बालकांत शंखाकृती कर्णभागात हाड तयार होऊ लागते. ते एकदा भरले की पुढे कर्णरोपण करणे अवघड होते. म्हणून येथे वर्षांचा नव्हे, तर आठवड्यांचा हिशोब असतो. रुग्णालयातून सुटी देण्यापूर्वी श्रवणचाचणी व्हावी आणि ती राहिली असल्यास चार आठवड्यांच्या आत करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे.

आमच्या त्या विणकराच्या मुलाचेही असेच झाले. झटके थांबल्यावर सर्वांना हायसे वाटले. पण मूल हाक मारली तरी वळत नसे. ‘दुखण्यानं हट्टी झालाय,’ असे घरचे म्हणत. आम्हीही तसेच समजलो असतो. परंतु या वेळी आम्ही सुटीचा कागद मागून घेतला होता व त्यावर श्रवणचाचणीसाठी येण्याची सूचना स्पष्ट लिहिलेली होती. झटक्यांच्या धांदलीत ती सर्वांच्याच नजरेतून सुटली होती. चाचणीत एका कानाची श्रवणशक्ती गेल्याचे व दुसऱ्याची कमी झाल्याचे आढळले.

काश्यपसंहितेतील वेदनाध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी वाचलेला आहे. ज्या बालकास बोलता येत नाही त्याची वेदना त्याच्या हालचालींवरून ओळखावी, हे त्याचे सार. शिरःशूल असता बालक डोके हलवते, डोळे मिटते. कर्णशूल असता हातांनी कान चाचपते, असे बारीक निरीक्षण तेथे आहे. पाठीमागून मारलेल्या हाकेला न वळणारे मूल हट्टी नसून बहिरे असू शकते, हे ओळखणे त्याच परंपरेतले काम आहे. यासाठी शासनाची वाटही उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोषाची तपासणी समाविष्ट आहे आणि अंगणवाड्यांत जाणाऱ्या त्या पथकांत आयुष पदवीधर वैद्यकीय अधिकारी असतात. म्हणजे ते काम करणारे अनेकदा आपलेच व्यवसायबंधू आहेत. त्यांची ओळख ठेवावी, मुलाचे नाव त्यांच्या कानावर घालावे.

भयाला खतपाणी घालणारे आणखी एक कारण म्हणजे ‘मेंदूज्वर’ हा शब्द. आवरणाचा दाह व प्रत्यक्ष मेंदूचा दाह या दोन्हींस आपण एकच नाव देतो. चांदीपुरा विषाणूचेच पाहा. १९६५ साली नागपूरकडे तो प्रथम सापडला, २००३ मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेशात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने बालकांचे बळी घेतले. अशा साथीची बातमी आली, की पूर्वी जंतुजन्य दाहातून बरे झालेल्या मुलाची आई घाबरी होऊन आपल्याकडे धावते. वाळूमाशीमार्फत पसरणारा हा विषाणू व तिच्या मुलाचे गेलेले दुखणे यांचा संबंध नाही, हे समजावून सांगण्यास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे आपण द्यावीत. त्याऐवजी ‘प्रतिबंधक’ म्हणून काही विकणे म्हणजे तिच्या भयाचा व्यापार करणे होय.

प्रतिबंधाचा विषय निघालाच आहे, तर सुवर्णप्राशनाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. पुष्य नक्षत्राच्या दिवशी अनेक गावांत बालकांच्या रांगा लागतात. काश्यपसंहितेत लेहाध्यायात सुवर्णप्राशनाचे वर्णन आहे आणि त्याबद्दल आपणांस आदर असणे स्वाभाविक आहे. परंतु ‘हे घेतले की मेंदूज्वर होणार नाही’ अथवा ‘पुन्हा होणार नाही’ असे म्हणण्यास आपल्याजवळ पुरावा नाही. या दाहास कारण होणाऱ्या प्रमुख जंतूंपैकी काहींवर परिणामकारक लसी मात्र शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस बालकांतील क्षयजन्य दाहापासून संरक्षण देते. पंचगुणी लसीत हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूविरुद्धचा घटक आहे. ती २०११ मध्ये केरळ व तामिळनाडूत सुरू होऊन टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचली. न्यूमोकोकस जंतूवरील लस २०१७ पासून काही राज्यांत व २०२१ पासून देशभर राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. सुवर्णप्राशनाच्या शिबिरात येणाऱ्या प्रत्येक मातेस ‘बाळाचे लसीकरणाचे कार्ड आणले का?’ एवढा प्रश्न आपण विचारू लागलो, तर त्या रांगेतून खरेच काही बालके वाचतील. एकदा दुखणे झालेल्या मुलाच्याही राहिलेल्या लसी पूर्ण कराव्यात. ‘आता होऊन गेले, आता कशाला’ हा समज चुकीचा आहे, कारण जंतू अनेक आहेत.

औषध विक्रेते बंधूंना आमची वेगळी विनंती आहे. आपल्या फळीवर बुद्धिवर्धक, स्मृतिवर्धक म्हणून कितीतरी बाटल्या असतात व त्या चिठ्ठीवाचून मागितल्या जातात. लहान मुलासाठी अशी बाटली मागणाऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : मुलाला झटके येतात काय? दुसरे कोणते औषध चालू आहे? दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर बाटली न देता उपचार करणाऱ्या डॉक्टरांस विचारण्यास सांगावे. एक विक्री जाईल, पण ते कुटुंब आपल्या दुकानावर विश्वास ठेवील. शिवाय औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत मेंदूचे विकार व बहिरेपणा यांचा समावेश आहे, याचे स्मरण दुकानात फलक लावताना असू द्यावे.

वैद्यबंधु-भगिनींना आम्ही शिकवावे अशी आमची योग्यता नाही. जे उशिरा शिकलो तेवढेच सांगतो. ताप व उलट्यांसोबत ग्लानी, मान ताठरणे, झटका, उजेड सहन न होणे किंवा अंगावर दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके दिसले, तर एक तासही दवडू नये. तान्ह्या बाळाची मान ताठरेलच असे नाही. टाळू फुगणे, दूध न ओढणे, किंचाळल्यासारखे रडणे हीच तेथील चिन्हे. ‘टाळू पडली’ म्हणून बाळ आणले जाते तेव्हा ती पडली आहे की फुगली आहे, हे स्वतःच्या बोटांनी पाहावे. आधीच अर्धवट प्रतिजैविक देऊन दोन दिवस वाट पाहू नये. त्याने वेळ तर जातोच, शिवाय पुढे पाठीतील पाण्यात जंतू वाढून दिसत नाही आणि निदान अवघड होते. आणि बरे होऊन आलेल्या मुलाचा सुटीचा कागद आधी वाचावा, मगच लेखणी उचलावी.

आपल्या पिढीतील वैद्यांना ‘आम्हांला कोणी विचारत नाही’ अशी खंत असते. ती आमचीही आहे. परंतु त्या घराने आम्हांस विचारले होते. सर्वांत अगोदर आणि पूर्ण विश्वासाने विचारले होते. न विचारणारे आम्ही होतो.

तो मुलगा आता श्रवणयंत्र लावून शाळेत जातो. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवतो. त्याच्या आईचे तापमापक अजून घरात आहे, पण ते रात्री उशाशी नसते. मागे एकदा त्याला साधा ताप आला तेव्हा ती आमच्याकडे आली व प्रश्न विचारण्याआधी तिने कागदांची पिशवी टेबलावर ठेवली. ‘वैद्यबुवा, आधी हे बघा,’ ती म्हणाली. आम्ही ते कागद वाचले, मुलाची मान वाकवून पाहिली, घसा व कान पाहिले. घशाचा ताप होता. कोमट पाणी, पेज व विश्रांती सांगितली आणि कोणती चिन्हे दिसल्यास लगेच नाशिक गाठायचे ते एका चिठ्ठीवर लिहून दिले. त्या दिवशी आम्ही तिला कोणतीही बाटली दिली नाही व तिनेही ती मागितली नाही.